ब्रेन कोरल: आधी ओळखा, मग जागा द्या, बाकी सगळं त्यानंतर

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पहिलं दगडी कोरल (प्रवाळ) घ्यायचं म्हटलं की बरेच जण ब्रेन कोरलपाशीच येऊन थांबतात, आणि ते बरोबरच आहे, रंग भारी, अंग मांसल, लाईट फार लागत नाही, आणि एकदा नीट बसलं की वर्षानुवर्षं साथ देतं. पण एक गोष्ट आधी पक्की करून घ्या, ब्रेन हे कुठल्या एका कोरलचं नाव नाहीये. मेंदूसारख्या वळ्या दिसल्या की सगळ्यांना सरसकट ब्रेन म्हणतात आणि त्यात दहा-बारा तरी वेगवेगळ्या प्रजाती येतात, त्यातली कुणी वाळूत मोकळी बसते, कुणी दगडाला घट्ट धरून वाढते, कुणी रात्रीत शेजाऱ्याला जाळते तर कुणी स्वतःच शेजाऱ्याकडून जळते. म्हणून नुसतं ब्रेनची काळजी कशी घ्यायची असं विचारून उपयोग नाही, कुठलं ब्रेन ते आधी कळायला हवं.

मी हे महाग पडल्यावर शिकलो. माझं पहिलं ब्रेन म्हणजे लाल कडेचं हिरवं ट्रॅकीफिलिया होतं, विकणाऱ्याने सांगितलं ब्रेन आहे, दगडावर कुठेही ठेवा, आणि मी ठेवलं, चांगलं मधल्या उंचीवर, जिथून समोरून छान दिसेल. तीन आठवडे मस्त फुगायचं. मग एका सकाळी एका कडेला दोऱ्याएवढी पांढरी रेघ दिसली, मला वाटलं वाळू चिकटलीय, पिपेटने पाणी मारलं तरी जाईना. तो सांगाडा होता. रोज दिवसा फुगताना आणि रात्री आकसताना ते मऊ अंग शेजारच्या दगडाच्या धारेवर घासत होतं आणि तिथून कातडं मागे सरकत चाललं होतं. वाळूवर खाली ठेवलं तेव्हा कुठे थांबलं, आणि ती रेघ पूर्ण झाकायला त्याला पाच महिने लागले. ट्रॅकीफिलिया निसर्गात रीफच्या (प्रवाळ खडकांच्या) मधल्या वाळूच्या-चिखलाच्या तळावर मोकळं पडलेलं असतं, त्याचा बुंधा खाली निमुळता असतो तो त्यासाठीच. ही एवढी एक गोष्ट माहीत असती तर ते झालंच नसतं.

तर आता ओळखायचं कसं. सगळ्यात आधी लाईट पांढरा करायला लावा. निळ्या लाईटखाली अंगातली फ्लुरोसंट प्रथिनं चमकतात, सगळं हिरवं-केशरी झळकतं आणि भिंती कुठे, खाच कुठे काही कळत नाही. ओळख रंगावरून होतच नाही, एकाच जातीत दहा रंग असतात. ओळख होते सांगाड्यावरून, आणि तो बघायचा तर कोरल थोडं आकसलेलं असताना बघायचं, लाईट बंद झाल्यावर किंवा लागायच्या आधी.

वळ्या का पडतात हे समजलं की अर्धं काम झालं. दगडी कोरल म्हणजे पॉलिप्सची वसाहत, प्रत्येक पॉलिपला एक तोंड, आणि खाली अ‍ॅरागोनाइटचा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा. काही जातींमध्ये पॉलिप विभागला की दोघांच्या मध्ये पूर्ण भिंत उभी राहते आणि वेगवेगळ्या वाट्या तयार होतात. काहींमध्ये तोंडं वाढत जातात पण मध्ये भिंत बांधलीच जात नाही, मग एकाच लांब दरीत ओळीने कितीतरी तोंडं येतात, आणि त्या दऱ्या नागमोडी फिरल्या की झाला मेंदू. म्हणजे कोरलसमोर उभं राहून तीन गोष्टी बघायच्या. बुंधा मोकळा आहे की दगडाला चिकटलेला. वाट्या आहेत की दऱ्या. आणि शेजारच्या दोन वाट्यांमध्ये भिंत सामायिक आहे की प्रत्येकीची आपापली.

बुंधा मोकळा, निमुळता, वरून आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा किंवा मधे चिमटलेला, एक ते तीन दऱ्या, तोंडं मोजकी आणि अंग इतकं मांसल की फुगल्यावर सांगाडा दिसतच नाही, तर ते ट्रॅकीफिलिया जिओफ्रोयी, ज्याला ओपन ब्रेन म्हणतात. खूप घड्या असलेलं, जवळजवळ गोल असं एक रूप पूर्वी वेल्सोफिलिया म्हणून वेगळं विकायचे, ते हेच. याच्याशी गोंधळ होतो तो गोल, एकाच मोठ्या तोंडाच्या कोरल्सचा. सायनारिना अर्धपारदर्शक असतं, फुगे फुगवल्यासारखं, आणि त्या फुग्यांमधून आतल्या जाड दातेरी पट्ट्या दिसतात. अ‍ॅकँथोफिलिया मोठं, जाड, खडबडीत कातडीचं. ही दोन्ही वाळूवरच चांगली राहतात, त्यामुळे ओळखण्यात चुकलात तरी जागा चुकणार नाही.

दगडाला चिकटून घुमटासारखं वाढणारं असेल तर ते क्लोज्ड ब्रेनमधलं. इथे भिंती बघा. वाट्या एकमेकींना लागून, मधे एकच सामायिक भिंत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं, तर फेविटीस. प्रत्येक वाटीची स्वतःची भिंत आणि दोन भिंतींच्या मधे बारीक खाच, तर ज्याला सगळे फेविया म्हणतात ते. खाच दिसते का बघायला नख जाईल का असा विचार करा, जाईल असं वाटलं तर फेविया. लांब नागमोडी दऱ्या, वर पातळ भिंती, तर प्लॅटिजायरा. तसंच पण दऱ्या खूप अरुंद आणि आतल्या पट्ट्या एकदम एकसारख्या, कंगव्याने विंचरल्यासारख्या, तर लेप्टोरिया. दऱ्या रुंद, व्हीच्या आकाराच्या, भिंतींची धार टोकदार, तर ऑलोफिलिया. बारीक नेटक्या वाट्या आणि प्रत्येक वाटीत मधल्या भागाभोवती छोटा मुकुटासारखा कडा, तर गोनिअ‍ॅस्ट्रिया. आणि दऱ्यांऐवजी अंगभर छोट्या छोट्या टेकड्या दिसल्या तर ते ब्रेन नाहीच, ते हिडनोफोरा, ते ब्रेन म्हणून घेऊ नका कारण टँकमध्ये त्याच्याइतकं भांडखोर कोरल कमी असतं.

तिसरा गट लोब्ड ब्रेन. लोबोफिलियामध्ये मोठे मांसल पॉलिप्स खालून वेगवेगळ्या दांड्यांवर असतात, वरून जोडलेले वाटतात पण बाजूने वाकून बघितलं की फटी दिसतात, आणि सांगाड्याचे दात मोठे, हाताला बोचणारे. सिम्फिलियामध्ये दऱ्या एकमेकींना चिकटलेल्या आणि भिंतीच्या माथ्यावरून एक खाच गेलेली असते.

नावांबद्दल एक सांगतो कारण यावरून लोक उगाच वाद घालत बसतात. २०१२ मध्ये इंडो-पॅसिफिक भागातल्या बहुतेक फेवियांना डिप्सॅस्ट्रिया नाव मिळालं, फेविया हे नाव अटलांटिककडे राहिलं, आणि २०१६ मध्ये सिम्फिलिया लोबोफिलियातच जमा झालं. विकणारे अजून जुनीच नावं वापरतात, मीही बोलताना फेवियाच म्हणतो, दोन्ही माहीत असली की शोधताना अडत नाही. फोटोंमध्ये दिसणारे ते प्रचंड गोल ब्रेन, डिप्लोरिया, कोल्पोफिलिया वगैरे, ते कॅरिबियन आणि फ्लोरिडाकडचे, काही मेंदू माणसाच्या उंचीएवढे वाढतात आणि शेकडो वर्षं जगतात. २०१४ पासून फ्लोरिडाजवळ सुरू झालेल्या टिश्यू लॉसच्या, म्हणजे कातडं झडण्याच्या, रोगाने त्यांचे फार हाल केलेत. ते आपल्या टँकसाठी नाहीतच.

आणि घ्यायच्या आधी कायदा. सगळी दगडी कोरल्स सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात जाताना परवाना लागतोच, आणि काही देशांचा स्वतःचा कायदा त्याहून कितीतरी कडक आहे, काही ठिकाणी दगडी कोरल जवळ बाळगणंच गुन्हा आहे. आपल्या देशात काय आहे ते आधी नीट बघा, परवानगी नसेल तर विषय तिथेच संपतो, आणि परवानगी असेल तर कागद मागा. फेविया-फेविटीसचे टँकमध्येच वाढवलेले फ्रॅग, म्हणजे मोठ्या वसाहतीतून कापलेले छोटे तुकडे, मिळतात, पहिल्यांदा घेताना मी तेच घ्या म्हणेन. त्यांना टँकमधलं आयुष्य माहीत असतं आणि समुद्रातून काही उचललं जात नाही. ट्रॅकीफिलिया मात्र अजून बहुतांश समुद्रातूनच काढलेलं येतं, त्यामुळे ते घ्यायचं तर टँक खरोखर तयार असेल तेव्हाच घ्या.

तयार म्हणजे काय, तर अमोनिया आणि नायट्राइट शून्य हे तर झालंच, पण त्यानंतरही टँक काही महिने स्थिर चाललेला हवा, मी तरी सहा महिन्यांच्या आत घेऊ नका असंच सांगतो. आकडे असे ठेवा: तापमान २४ ते २६ अंश, खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग) म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६, अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण) ८ ते ९ डीकेएच (ते मोजायचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५०, नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१, कॅल्शियमपासून पुढचे सगळे आकडे पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग). नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका, या मांसल कोरल्सना अगदी निर्जीव स्वच्छ पाणी मानवत नाही, रंग फिके पडतात.

या सगळ्यात मी डोळ्यात तेल घालून बघतो ती अल्कलिनिटी. कारण सरळ आहे. सांगाडा बांधताना कोरल कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ठरलेल्या प्रमाणात उचलतं, २.८ डीकेएच खर्च झाले तर कॅल्शियम फक्त २० पीपीएमने उतरतं. म्हणजे कॅल्शियम ४२० वरून ४०० वर आलं तर टेस्ट किटवर तो फरक नीट कळणारही नाही, पण तेवढ्याच वेळात अल्कलिनिटी ८.५ वरून ५.७ वर आलेली असते. म्हणून आठवड्यातून दोनदा अल्कलिनिटी, महिन्यातून दोनदा कॅल्शियम-मॅग्नेशियम, आणि वेळ ठरलेली ठेवा कारण दिवसभरात थोडा चढउतार होतो. कमी दिसली तरी एकदम भरून काढू नका, दिवसाला अर्धा फार तर एक डीकेएच. एक-दोन ब्रेन असतील तर नुसतं नियमित पाणी बदलूनही भागतं, कोरल्स वाढली की टू-पार्ट डोसिंग, म्हणजे कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची दोन वेगळी द्रावणं घालणं, सुरू करा. आणि बाष्पीभवनाने पाणी जातं, मीठ जात नाही, त्यामुळे भर घालायची ती आरओ-डीआय फिल्टरने शुद्ध केलेल्या गोड्या पाण्याची, रोज थोडी थोडी, किंवा ऑटो टॉप-ऑफ (आपोआप भर घालणारं यंत्र) लावा. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या द्रावणाने तपासून घ्या, माझा एकदा दोन पीपीटीने चुकीचा निघाला होता आणि मी कित्येक आठवडे बाकी सगळीकडे दोष शोधत होतो.

घेताना घाई नको. कडेने गोल फिरून बघा, कुठेही पांढरा सांगाडा उघडा दिसतोय का, कातडं दातांवर ताणून फाटलंय का, तोंडं आ वासून उघडी आहेत का, अंगावर तपकिरी चिकट जेलीसारखं काही आहे का. यातलं काहीही असलं तर सोडून द्या, कितीही सुंदर असलं तरी. पांढरट किंवा अगदी फिकं पेस्टल रंगाचं कोरल बऱ्याचदा ब्लीच झालेलं असतं, म्हणजे अंगात राहून त्याला उन्हातून अन्न बनवून देणारं सूक्ष्म शैवाल निघून गेलेलं असतं.

उचलायची पद्धत फार महत्त्वाची आहे. फुगलेलं कोरल तसंच पाण्याबाहेर काढलं तर आतल्या पाण्याच्या वजनाने मांस खाली लोंबतं आणि सांगाड्याच्या धारेवर फाटतं. आधी पाण्यातच हाताने हलका वारा घातल्यासारखं पाणी हलवा, आकसू दे, मिनिट-दोन मिनिटं जाऊ दे, मग खालून बुंध्याला धरून उचला, मांसाला बोट लावू नका. पिशवीतून पिशवीत नेताना शक्यतो पाण्यातच ठेवा. घरी आल्यावर पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवा, टँकचं पाणी थोडं थोडं मिसळा, मग कोरल डिप, म्हणजे किडे काढायच्या द्रावणात बुडवणं, बाटलीवर लिहिलं असेल तेवढाच वेळ, आणि पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो तो प्लग आणि बुंधा भिंगाने बघा, फ्लॅटवर्म (चपटे किडे) किंवा अंडी बहुतेक खालच्या बाजूलाच असतात.

आता जागा. ट्रॅकीफिलिया, सायनारिना, अ‍ॅकँथोफिलिया सपाट वाळूवर, आजूबाजूला फुगायला मोकळी जागा सोडून, बुंधा थोडा वाळूत रोवायचा पण मांसाची कडा वाळूच्या वर राहिली पाहिजे. फ्लो म्हणजे पाण्याचा प्रवाह हलका, इतकाच की अंगावर वाळू साचणार नाही पण कडाही एका बाजूला ढकलली जाणार नाही. वाळू उपसणारे गोबी मासे असतील तर रोज बघावं लागेल, थोडी वाळू कोरल स्वतः फुगून झटकतं, पण रोज रोज ढीग पडला तर कडेचं कातडं जातं. लाईट ५० ते १०० पारच्या (शैवालाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप) आसपास पुरे. फेविया, फेविटीस, प्लॅटिजायरा यांना दगडावर खालच्या किंवा मधल्या उंचीवर, ८० ते १५० पार, मध्यम आणि उलटसुलट फिरणारा फ्लो. लोबोफिलिया या दोघांच्या मधे, दगडाच्या पायथ्याशी. पार मीटर नसेल तर सगळ्यात खाली सुरुवात करा आणि दोन-दोन आठवड्यांनी थोडं थोडं वर न्या, जास्त लाईटने झालेलं नुकसान भरून यायला महिने लागतात, कमी लाईटने एवढ्यात काही बिघडत नाही.

शेजारी निवडताना दिवसा बघून ठरवू नका. लाईट बंद होऊन तास-दीड तास झाला की लाल प्रकाशाची बॅटरी घेऊन टँकसमोर बसा. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा दिवसा दगडासारखं गप्प दिसणारं माझं फेविटीस वेगळंच काहीतरी झालं होतं, प्रत्येक वाटीच्या कडेने काचेसारखी बारीक टेंटॅकल्स (सोंडा) उभी आणि एका बाजूने चार-पाच लांबच लांब धागे, टोकाला पांढरा ठिपका, फ्लोबरोबर शेजारच्या दगडावर चाचपत चाललेले. ते स्वीपर, त्यांच्या टोकाला डंखाच्या पेशी दाटलेल्या असतात. बोटभर कोरलचे स्वीपर त्याच्या स्वतःपेक्षा कितीतरी लांब जाऊ शकतात. म्हणून क्लोज्ड ब्रेनच्या चारही बाजूंना कमीत कमी १५ सेंटिमीटर मोकळे ठेवा, आणि फ्लो ज्या दिशेला वाहतो तिकडे आणखी थोडे. त्याशिवाय ही कोरल्स पोटातले पांढरे धागे बाहेर सोडून चिकटलेल्या शेजाऱ्याला चक्क पचवतात. ट्रॅकीफिलियाकडे असली हत्यारं जवळजवळ नाहीत, त्याला कुणीही जाळू शकतं, त्यामुळे त्याला एकटंच ठेवा. मासे निवडतानाही हेच डोक्यात ठेवा, छोटे एंजल आणि बटरफ्लाय मासे मांसल ब्रेनचे लचके तोडतात, आणि क्लाउनफिशने ट्रॅकीफिलियालाच घर मानलं तर सततच्या घासण्याने ते फुगायचं बंद होतं.

खायला घालायची वेळही तीच, रात्रीची. लाईटवर जगतात हे खरं पण खाऊ घातलेलं ब्रेन आणि न घातलेलं ब्रेन यात काही महिन्यांत डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. आधी थोडा मायसिसचा (कोळंबीसारखे बारीक जीव) रस पाण्यात सोडा, वास लागला की दहा-पंधरा मिनिटांत टेंटॅकल्स बाहेर येतात, मग पंप बंद करा आणि पिपेटने मायसिस किंवा नखाहून लहान कोळंबीचा तुकडा हलकेच तोंडाजवळ ठेवा. टेंटॅकल्स तुकडा धरतात, कडा आत वळतात, तोंड सावकाश उघडतं, घाई करू नका, कधी कधी वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात कोळंबी आणि हर्मिट क्रॅब येऊन तोंडातला घास ओढून नेतात आणि ओढताना कातडं फाडतात, म्हणून प्लास्टिकची बाटली अर्धी कापून कोरलवर टोपीसारखी ठेवा, वरचं तोंड उघडं, तिथून पिपेट आत. मोठा तुकडा देऊ नका, दोन दिवसांनी तो तसाच कुजून बाहेर येतो.

बिघडायला लागलं तर काय बघायचं. कडेने सांगाडा उघडा पडतोय तर आधी घासतंय का, कुणी जाळतंय का, कुणी चावतंय का हे बघा आणि मग अल्कलिनिटी तपासा, माझ्या अनुभवात बहुतेक वेळा या चारातलंच एक निघतं. उघड्या सांगाड्यावर केसाळ शैवाल चढलं तर कातडं परत येत नाही, म्हणून मऊ टूथब्रशने तेवढाच भाग हलकेच साफ ठेवा. रंग फिका पडत चाललाय तर लाईट कमी करा, तापमान बघा, नेहमीपेक्षा दोनेक अंश जास्त तापमान काही दिवस राहिलं तरी कोरल ब्लीच होतं, आणि ब्लीच झालेल्याला खायला घालणं बंद करू नका कारण त्याचा दुसरा आधार गेलेला असतो. दिवसा नेहमीपेक्षा फारच फुगून लाईटकडे ताणलेलं राहतंय तर बऱ्याचदा लाईट कमी पडतोय. तपकिरी जेली दिसली तर मात्र त्याच दिवशी हात घाला, सायफनने ओढून घ्या म्हणजे ती दुसऱ्यांवर पसरणार नाही, आयोडीनचा डिप द्या, वेगळ्या भांड्यात ठेवा. एखाद्या वसाहतीचा एक भाग गेलाच तर निरोगी भाग करवतीने कापून वाचवता येतो, कापताना भिंतीवरून कापा आणि प्रत्येक तुकड्यात निदान एक तरी धड तोंड राहील असं बघा. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कोरलने झालेली जखम लवकर चिघळते.

महिन्यातून एकदा, पांढऱ्या लाईटमध्ये, एकाच कोनातून फोटो काढून ठेवा. रोज बघणाऱ्याच्या डोळ्याला कड मिलिमीटरभर मागे गेलेली कळत नाही, दोन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की लगेच कळते, आणि तेव्हा उपाय करायला वेळ हातात असतो.